तिसरा प्रवासी कोठून चढला?

मुद्रितशोधकांच्या गाडीला तेहेतीस वर्षे पूर्ण झाली, ही गोष्ट घरात कुणाच्याच लक्षात नव्हती. ती वाहन विभागाच्या लक्षात होती. सकाळी साडेदहाच्या टपालाने आलेल्या नोटिशीत म्हटले होते की, ‘उपरोक्त वाहनाने विहित वयोमर्यादा ओलांडली असून ते तीस दिवसांच्या आत दाबयंत्रासमोर हजर करावे.’ हजर न केल्यास विभागाची माणसे स्वतः येतील, तेव्हा मालकाने फाटक उघडे ठेवून सहकार्य करावे, अशी विनंतीही खाली होती. दाबयंत्रातून निघाल्यावर गाडीचा आकार साधारण एका ट्रंकेएवढा होतो, ही माहिती विभागाने आपण होऊन पुरवली होती.

मुद्रितशोधकांनी नोटीस दोनदा वाचली, एकदा मजकुरासाठी आणि एकदा चुकांसाठी. छापखान्यात उभे आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्याने लग्नाच्या निमंत्रणापासून औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपर्यंत सगळे ते असेच वाचत. नोटिशीत एकही चूक सापडली नाही, तेव्हा मात्र त्यांनी बायकोला हाक मारली. सरकारी कागद निर्दोष निघाला की प्रकरण गंभीर असते, असा त्यांचा अनुभव होता.

गाडीचे घरातले नाव ठकी. ती त्यांची पहिली गाडी आणि दुसरी घेण्याची पाळीच न आल्याने शेवटचीही. तिचा मूळ रंग कोणता, यावर घरात तीन मते होती. मागचा डावा दरवाजा पायजम्याच्या नाडीने बांधलेला होता. मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, बशीएवढे भोक होते आणि त्यातून पळणारा रस्ता बघत मुद्रितशोधकांची मुलगी लहानाची मोठी झाली होती. हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजे. का, ते तीन मेकॅनिकांना विचारून झाले होते. तिघांनीही ‘वाजतोय ना?’ एवढेच विचारले होते.

गेली अकरा वर्षे ठकी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. ती चालत नव्हती, पण रिकामीही नव्हती. मुद्रितशोधकांची बायको बहिणीशी फोनवर बोलायचे असले की पुढच्या सीटवर जाऊन बसे, कारण घरात मुद्रितशोधक असत आणि ते बोलण्यातल्याही चुका काढत. मुद्रितशोधक स्वतः सकाळी स्टिअरिंगवर वर्तमानपत्र पसरून लाल पेनाने वाचत. आणि चार गल्ल्या पलीकडे सासर असलेली मुलगी नवऱ्याशी भांडण झाले की तडक येऊन मागच्या सीटवर बसे. अर्ध्या तासाने काच खाली करून, “आई, मी जाते गं,” म्हणून तशीच परत जाई. आईने तिला कधी आत बोलावले नाही, काय झाले म्हणून विचारलेही नाही. तिथे बसून आली की मुलगी शांत होते, एवढे तिला पुरे होते.

“तिला कुणी हात तर लावून बघू दे,” नोटीस ऐकल्यावर बायको म्हणाली.

“लावणारच आहेत. तीस दिवसांनी.”

“मग करा काहीतरी. एवढं वाचता, कुठे काही लिहिलं नसेल?”

लिहिले होते. बारीक अक्षरे वाचणे हा तर मुद्रितशोधकांचा पेशाच. शेवटच्या ओळीखाली, मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात अपवाद होता: ‘ज्या वाहनाशी कुटुंबाच्या आठवणी निगडित असल्याचे सिद्ध होईल, अशा वाहनास स्मृतिवाहन म्हणून अभय देण्यात येईल.’

“हात्तिच्या!” बायको म्हणाली. “आठवणींना काय तोटा?”

दुसऱ्या दिवशी मुद्रितशोधक वाहन विभागाच्या अकरा नंबरच्या खिडकीसमोर उभे राहिले. आतल्या कारकुनाने कानावरची पेन्सिल काढून त्यांच्याकडे पाहिले.

“गाडीशी आठवणी आहेत?”

“भरपूर.”

“भरपूर चालत नाहीत. तीन लागतात.” त्याने एक फॉर्म सरकवला. “एका आठवणीला साठ शब्द. सुखद असली पाहिजे. साक्षीदार असला तर उत्तम. शंभरपैकी साठ गुण पडले की गाडी सुटली. आणि खोटं लिहू नका, शपथपत्र आहे ते.”

“छत्तीस वर्षांत एक काना चुकीचा जाऊ दिला नाही मी.”

“तरी जपून,” कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, पण मुद्रितशोधकांचे लक्ष फॉर्ममधल्या स्वल्पविरामांकडे होते.

त्या संध्याकाळी घरात बऱ्याच दिवसांनी मैफल जमली. मुलगी आली, बायकोचा भाऊही आला. हा मेहुणा म्हणजे बोलायला लागला की थांबायचे कुठे हे न कळणारा माणूस, पण मनाने लाख. कुठल्या तीन आठवणी निवडायच्या यावरून आधी वादावादी झाली, मग हसू सुरू झाले ते थांबेचना.

पहिली आठवण सर्वानुमते ठरली. बायको ठकीवर गाडी शिकली, ती. तिसऱ्या दिवशी तिने ब्रेक समजून भलतेच दाबले आणि ठकी शेजारच्या दंतवैद्यांच्या कुंपणाची भिंत फोडून थेट त्यांच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. दंतवैद्य बाहेर आले, पडक्या भिंतीकडे आणि तिच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाले, “आलाच आहात तर चहा घेऊन जा.” त्या दिवसापासून दोन्ही घरांचा जो घरोबा झाला, तो आजतागायत.

दुसरी आठवण धरणावरच्या सहलीची. ठकीत नऊ माणसे. मेहुणा उघड्या डिकीत, रस्त्याकडे तोंड करून, पाय बाहेर सोडून बसला होता आणि मागून येणाऱ्या गाड्यांना गाणी म्हणून दाखवत होता. आत मुले शेंगा खात होती आणि टरफले त्या बशीएवढ्या भोकातून खाली टाकत होती.

तिसरीबद्दल चर्चाच झाली नाही. मुलीने नुसते, “आणि माझी,” म्हटले.

तिची अशी, की एका दुपारी बायकोला अचानक कळा सुरू झाल्या. मुद्रितशोधकांकडे तेव्हा शिकाऊ परवाना होता. दवाखाना जवळ होता, पण त्याचा रस्ता एकेरी आणि ठकीचे तोंड उलट्या बाजूला. मुद्रितशोधकांनी आयुष्यात पहिल्यांदाच नियमाकडे न बघता गाडी घातली. लोकांनी बाजूला व्हावे म्हणून हॉर्न हवा होता आणि तो वाजावा म्हणून ते सारखे डावीकडे वळत होते. असे नागमोडी जात ठकी दवाखान्याच्या फाटकाशी पोचली, तेव्हा मागच्या सीटवरून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला. मुद्रितशोधकांनी मागे वळून पाहिले आणि गाडी बंद करायची विसरून ते ढसाढसा रडले. हे सारे त्यांनी शपथेवर, साठ शब्दांत, एकही चूक न करता लिहिले.

आठ दिवसांनी निकाल लागला.

“उणे चाळीस,” कारकून म्हणाला.

“शंभरपैकी?”

“शंभरपैकीच. भावनेचे गुण चांगले आहेत हो तुमचे. पण गुन्ह्यांचे वजा होतात ना.” त्याने कागद फिरवला. “पहिली आठवण. परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती वाहन देणे, मालमत्तेचे नुकसान, अपघाताची खबर न देणे आणि चहा.”

“चहात काय गुन्हा?”

“बाधित पक्षाशी परस्पर तडजोड. दुसरी आठवण. पाचाच्या गाडीत नऊ, डिकीत माणूस, मागील वाहनचालकांचे गायनाने लक्ष विचलित करणे, सार्वजनिक रस्त्यावर टरफले.”

“शून्याच्या खाली जाता येतं?”

“नियमात मनाई नाही,” कारकून म्हणाला. “आजवर कुणी गेलं नव्हतं, इतकंच. तिसरी आठवण अजून मोजलीच नाही. ती वर पाठवलीय.”

हे ऐकून मेहुणा पेटून उठला. साक्षीदार म्हणून आपण स्वतः जाऊन सगळे निस्तरतो, म्हणाला. मुद्रितशोधकांनी त्याला दोनदा अडवले, पण मेहुणाच तो. दुपारी परत आला तो छाती पुढे काढून.

“चक्क खोटं लिहिलं होतं त्यांनी, भावजी! म्हणे नऊ माणसं. मी सांगितलं, नऊ नाही, दहा. डिकीत मी एकटा नव्हतो, माझा मित्र होता ढोलकी घेऊन. तसं लेखी देऊन आलो.”

“तू साक्ष द्यायला गेला होतास की फिर्याद?” बायकोने विचारले. उणे चाळीसचे उणे पंचावन्न झाले.

तिसऱ्या आठवणीबद्दल वरून आलेला कागद मुद्रितशोधकांच्या पत्नीने मोठ्याने वाचला. तो असा: ‘प्रवासाच्या आरंभी सदर वाहनात दोन व अखेरीस तीन प्रवासी असल्याचे आपण शपथेवर नमूद केले आहे. वाहन मध्ये कोठेही थांबले नाही, असेही आपले म्हणणे आहे. तरी तिसरा प्रवासी कोठून चढला, याचा खुलासा चार दिवसांत करावा.’

वाचता वाचता ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावे लागले. मुद्रितशोधक हसले नाहीत. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवून निळे घेतले आणि खुलासा लिहिला: ‘तिसरा प्रवासी चढला नाही. जन्मला.’

उत्तर विलक्षण तत्परतेने आले. ‘विभागाच्या नोंदवहीत प्रवाशाबाबत चढणे, उतरणे व पडणे या तीनच क्रियांची तरतूद आहे. पैकी एक निवडावी.’

मुद्रितशोधक पुन्हा अकरा नंबरच्या खिडकीशी गेले. कारकुनाने या वेळी त्यांना आतून स्टूल दिले, यावरूनच काय ते कळत होते.

“हे बघा काका,” तो हळू आवाजात म्हणाला, “जन्म मान्य झाला, तर खासगी वाहनाचा विनापरवाना प्रसूतिगृह म्हणून वापर, हे कलम लागतं. ते एक वेळ मी सांभाळून घेतो. पण तुम्ही मुलीचा जन्मदाखला जोडलाय आणि त्यावर जन्मस्थळ दवाखाना आहे.”

“फाटकाशी झाली ती. त्यांनी दवाखाना लिहिलं, सोयीसाठी.”

“म्हणजे आठवण खरी धरली, तर दाखला खोटा. दाखला खोटा म्हटल्यावर मुलीची शाळा, नोकरी, लग्न, सगळंच परत तपासायला जाणार. गाडी वाचेलही, पण तुम्हाला मुलगी राहणार नाही. कागदोपत्री, म्हणतोय मी.”

“अर्ज मागे घेतो मग.”

“अर्ज मागे घेता येतो, कबुली कशी घेणार? गुन्हे शपथेवर कबूल केलेत तुम्ही.” कारकुनाने इकडेतिकडे पाहिले. “एकच वाट आहे. सुधारित आठवण दाखल करायची. आधी विस्मरण झालं होतं, आता आठवलं, असं लिहून द्यायचं. की जुन्या आपोआप रद्द. बाहेर छत्रीखाली एक जण बसतो, त्याला भेटा. नऊ दिवस उरलेत.”

छत्रीखालचा एजंट गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस होता. त्याच्या टेबलावर एक जाडजूड अल्बम होता आणि समोर सहा माणसे आपापल्या गाड्यांच्या किल्ल्या हातात धरून मुकाट उभी होती. मुद्रितशोधकांचा नंबर आल्यावर त्याने तिन्ही आठवणी वाचल्या आणि चष्मा काढून पुसला.

“साहेब, याला आठवण म्हणत नाहीत. कबुलीजबाब म्हणतात.”

“पण असंच झालं होतं.”

“झालंच असेल. म्हणून तर नापास होते. मी इतकी वर्षं इथे बसतोय, खरी आठवण पास झालेली बघितली नाही.” त्याने अल्बम उघडला. “तुम्हाला चार नंबर देतो. सगळ्यात जास्त जाते. पहाटेची वेळ, गाडीत चौघं, सगळ्यांनी पट्टे लावलेत, वडील हळू चालवतायत. डाव्या हाताला तळं लागतं. गाडी नेमून दिलेल्या जागी थांबते, आई थर्मासमधला चहा देते आणि सगळे सूर्योदय बघतात. आजवर या आठवणीचा अर्धा गुण कापला गेला नाही.”

“आम्ही कधी सूर्योदय बघितला नाही. ठकी ऊन चढल्याशिवाय चालूच होत नसे.”

“कुणीच बघितलेला नाही, साहेब.” एजंटाने पान उलटले. “भिंतीच्या जागी नऊ नंबर घ्या. पत्नीला वाहतुकीची चिन्हं शिकवली, उभ्या गाडीत. आणि जन्माच्या जागी ही सात नंबर. बाळ दवाखान्यात झालं, चौथ्या दिवशी गाडीतून घरी आणलं. ताशी वीस. बाळ झोपलेलं. फार गोड आहे, लोक वाचताना रडतात.”

मुद्रितशोधकांनी सात नंबर वाचली. मग सवयीने पुन्हा वाचली. मग न राहवून खिशातून लाल पेन काढले आणि म्हणाले, “इथे ‘दुपार’ म्हटलंय आणि खाली ‘सकाळचं ऊन’. दोन्हींतलं एक ठेवा.”

एजंट खूश झाला. “बघा! तीनशे जणांनी नेली, कुणाच्या लक्षात नाही आलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो.” मुद्रितशोधकांना त्याही स्थितीत थोडे बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर त्यांनी तिन्ही कागद जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि हात धुवायला गेले. बायकोने ते वाचून व्यवस्थित घडी घातली.

“द्या दाखल करून.”

“खोटं आहे ते.”

“कागदच आहे ना? ठकी राहतेय. काय झालं होतं ते आपल्याला माहीत आहे, की कुणी काढून घेणार आहे डोक्यातून?”

मुलीने मात्र सात नंबर पुन्हा उलगडून शेवटपर्यंत वाचली. “म्हणजे बाबा, मी गाडीत झाले नाही?”

“तपासणी होईपर्यंत नाही,” मुद्रितशोधक म्हणाले.

तपासणी तीन दिवसांवर होती. तिघांनी रोज संध्याकाळी तालीम केली. मुद्रितशोधक कागद हातात धरून बसत आणि कुणाचा शब्द चुकला की टोकत. भोकावर नवी चटई आली. नाडी सोडून दरवाजा आतून तारेने आवळला. तपासणीच्या सकाळी मेहुण्याला आत्याकडे काहीतरी पोचवायला पाठवले. काय पोचवायचे ते वाटेत फोन करून सांगतो, म्हणाले.

निरीक्षकबाई वेळेवर आल्या. त्यांनी ठकीभोवती एक फेरी मारली, फाईल उघडली आणि सहल ऐकायला सुरुवात केली. मुद्रितशोधक पहाटेपासून तळ्यापर्यंत आले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की बाईंचे ओठही हलताहेत. तळे डाव्या हाताला लागले, तेव्हा दोघेही एकदमच ‘डाव्या हाताला’ म्हणाले.

मग बाईंनी फाईल मिटली. “गाडीत वास कसला यायचा?”

हे अल्बममध्ये नव्हते. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. ठकीत पेट्रोलचा, शेंगांचा आणि मुद्रितशोधकांच्या बाहीला लागलेल्या शाईचा वास येई, हे तिघांनाही ठाऊक होते आणि त्यांतला कुठला कायदेशीर, ते एकालाही ठाऊक नव्हते.

“वास येत नसे,” मुलगी म्हणाली. “प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र होतं.”

“छान,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिले. “आणि आपला जन्म?”

मुलगी क्षणभर मागच्या सीटकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दवाखान्यात. चौथ्या दिवशी या गाडीतून घरी आणलं. मी झोपले होते.”

बायकोने पदर सारखा करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवले. मुद्रितशोधकांना फारच वाईट वाटले. समोर धडधडीत चूक दिसत असताना मजकूर छपाईला सोडण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. तो ‘दवाखान्यात’ शब्द त्यांनीच तालमीत तीनदा सुधारून घेतलेला होता.

शंभरपैकी शंभर गुण मिळाले. एजंटाने पेढ्यांऐवजी कोरे विस्मरणाचे दहा अर्ज भेट पाठवले, ओळखीपाळखीत उपयोगी पडतात म्हणून. ठकीला स्मृतिवाहनाचा दर्जा मिळाल्याचे पत्र आले, त्यासोबत दोन माणसेही आली. त्यांनी ठकीची चारही दारे सील केली, सहा फुटांवरून साखळी फिरवली आणि तिच्यासमोर तिन्ही मंजूर आठवणींचा एक पितळी फलक ठोकला.

“अहो, पण आम्ही बसायचं कुठे?” बायकोने विचारले.

“स्मृतिवाहनात बसता येत नाही, बाई. वापरलं की झिजतं. झिजलं की स्मृतीचं मूल्य कमी होतं.”

पत्राच्या मागे अटी होत्या. दर रविवारी दहा ते बारा वाहन जनतेस पाहण्यासाठी खुले ठेवावे. येणाऱ्यास मालकाने मंजूर आठवणी तोंडी सांगाव्यात. मंजूर मजकुराहून वेगळी आठवण मालकाने वा कुटुंबीयांनी कोठेही, घरातल्या घरातही, सांगितल्याचे आढळल्यास वाहन थेट दाबयंत्राकडे. जनतेत साध्या कपड्यांतला तपासनीस कोणता, हे ओळखण्याचा काही मार्ग नव्हता. शेजारच्या दंतवैद्यांनाही विचारून झाले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आपल्या कुंपणाची भिंत पहिल्यापासून शाबूत असल्याचे मोठ्या आवाजात सांगितले.

तेव्हापासून रविवार सुरू झाले. शाळेच्या सहली येत, निवृत्त मंडळी येत, भर उन्हात टोपी घालून एकटाच उभा राहणारा एक गृहस्थ येई, त्याला सगळे तपासनीस समजून जास्त मन लावून ऐकवत. पहिल्या काही रविवारी मुद्रितशोधक खाली मान घालून सांगत. मग मान वर झाली. मग कुठे थांबले की लोक हळवे होतात, ते त्यांना कळू लागले. मेहुण्याला आधी आठवडाभर आत्याकडेच ठेवत, पण तोही हळूहळू सुधारला आणि एका रविवारी फलकाशी उभा राहून पंधरा जणांना म्हणाला, “सूर्योदय काय होता हो तो! अजून डोळ्यांपुढून जात नाही.” त्या दिवशी त्याच्यावर कुणी हसले नाही.

मुलगी मधूनमधून भांडून येई. साखळीबाहेर थोडा वेळ उभी राही, सीलकडे बघे. मग फोनवर बोलत असल्यासारखे करून निघून जाई. भांडणे पूर्वी अर्ध्या तासात मिटत, ती आता चारचार दिवस चालू लागली होती. बायकोने बहिणीशी बोलणे कमी केले.

असे दोन वर्षांचे रविवार गेल्यावर एकदा सगळी गर्दी पांगली. मुद्रितशोधक घरात येऊन बसले. त्या दिवशी सात नंबर सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि समोरच्या बायकाही डोळे पुसत होत्या. बायकोने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, खिडकी लावून घेतली, दार लावून घेतले आणि ती अगदी कुजबुजत म्हणाली, “अहो, आज सोंग फार छान वठवलंत हं.”

“सोंग कसलं?” मुद्रितशोधक म्हणाले.

“आता कुणी नाहीये इथे. मला एकदा तरी खरं बोलू द्या. किती दिवसांत बोललो नाही आपण. ही आपली पोर, कुठे झाली हो ती?”

मुद्रितशोधकांनी डोळे मिटून नीट आठवले. मग मोठ्या मायेने बायकोच्या हातावर हात ठेवला.

“दवाखान्यात गं. चौथ्या दिवशी घरी आणली आपण. सकाळचं ऊन होतं. झोपली होती ती. तू विसरलीस?”

 बायकोने पुन्हा विचारले नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर एकही चूक नव्हती.

ठकी अजून आहे. उत्तम अवस्थेत आहे. रविवारी दहा ते बारा कुणीही जाऊन बघावी. हे सगळे वाचून तुम्ही मुद्रितशोधकांना हसला असाल, तर हसायला हरकत नाही. पण एवीतेवी विषय निघालाच आहे, तर डोळे मिटा आणि आपल्या पहिल्या गाडीची आठवण काढून बघा. तीच ना, सगळे लवकर उठून निघालेले, वडील जपून चालवताहेत, कुणी कुणावर खेकसत नाही, कशालाही धक्का लागत नाही, सगळे खिडकीतून एकाच दिशेला बघताहेत? वा. फार सुंदर आहे. तिच्यात एखादा तरी गुन्हा सापडतोय का, तेवढे शोधा. सापडला तर कुणाला सांगू नका, जिवापाड जपा. नाहीच सापडला, तर त्या छत्रीखाली तुम्ही कधी उभे होता, ते निदान घरच्यांना तरी विचारून ठेवा.